एका सेकंदाच्या आत शंभर, त्यामागे सतरा वर्षं

मागच्या अंकात शेवटच्या पानावर चार ओळींची एक चौकट होती. स्वित्झर्लंडमधल्या झुरिचच्या ईटीएच युनिव्हर्सिटीच्या मुलामुलींनी बनवलेली 'मायथन' नावाची इलेक्ट्रिक रेस कार ०.९५६ सेकंदात शून्यावरून ताशी १०० किलोमीटरला गेली आणि २०२३ मध्ये गिनेसमध्ये त्याची नोंद झाली, एवढंच त्यात होतं. त्या चार ओळींवर इतके मेल आणि व्हॉट्सअ‍ॅप आले की यावेळचा पुरा कॉलम त्यालाच दिलाय. प्रश्न थोडे छाटलेत, सूर तुमचाच ठेवलाय.

प्रश्न : एका सेकंदाच्या आत शंभर? छापताना पॉइंटची जागा चुकली असावी असं वाटलं. माझी गाडी शंभरला जायला चौदा-पंधरा सेकंद घेते. खरं असेल तर कसं जमतं ते समजेल असं सांगा. – एक निवृत्त शिक्षक, सांगली

काका, पॉइंट बरोबर जागेवर आहे. झुरिचजवळ ड्यूबेनडॉर्फला जुना लष्करी विमानतळ आहे, तिथे सप्टेंबर २०२३ मध्ये केट माजेट्टी ही ड्रायव्हर गाडीत बसली आणि १२.३ मीटरमध्ये गाडी शंभरला पोचली. १२.३ मीटर म्हणजे एसटीची बस उभी राहते साधारण तेवढीच जागा, तेवढ्यात शून्य ते शंभर!

आता हिशोब करू, तुम्ही शिक्षक आहात तर तुम्हाला आवडेल. ताशी १०० म्हणजे सेकंदाला २७.८ मीटर. त्याला ०.९५६ ने भागा, सरासरी त्वरण येतं २९ च्या आसपास, आणि गुरुत्वाकर्षणाचं ९.८, म्हणजे जवळजवळ तिप्पट. गाडी पुढे ढकलणारी ताकद शेवटी टायर आणि रस्ता यांच्या घर्षणातूनच येते, मोटर कितीही दांडगी असली तरी टायर जागेवर फिरला तर उपयोग शून्य. आणि घर्षण किती मिळणार हे टायरवर किती भार आहे त्यावर ठरतं. चांगले रेसिंगचे टायर असले तरी गाडीच्या स्वतःच्या वजनाच्या दीडपट, फार तर त्याहून थोडी जास्त पकड मिळते, तिप्पट मिळत नाही. म्हणजे नुसती मोटर मोठी करून हे होणारच नव्हतं. टायरवरचा भार वाढवायचा, पण गाडीचं वजन वाढवायचं नाही, असा पेच होता.

एरवी रेस कारला पंख असतात ते याचसाठी, हवा गाडीला खाली दाबते. पण पंखाला हवा लागते वेगाने येणारी, आणि इथे गाडी उभीच आहे, सगळा खेळ पहिल्या सेकंदाचा. म्हणून त्यांनी गाडीखालची हवा पंख्याने ओढून काढली, व्हॅक्युम क्लीनर काढतो तशी. आपल्या डोक्यावरच्या हवेचा दाब दर चौरस मीटरला साधारण दहा टन असतो, तो खालून-वरून सारखा असतो म्हणून कळत नाही. गाडीखालचा दाब नुसता एक टक्का कमी केला तरी दर चौरस मीटरमागे शंभर किलोचा भार वरून पडतो, आणि गाडी मात्र एक किलोनेही जड होत नाही. मायथनचं वजन आहे फक्त १४० किलो, ताकद २४० किलोवॅट म्हणजे ३२६ हॉर्सपॉवर, आणि चारही चाकांना वेगवेगळी मोटर.

ही कल्पना नवीन नाही बरं का. १९७० मध्ये अमेरिकेत चॅपरल टूजे नावाच्या गाडीला मागे पंखे लावले होते, आणि १९७८ मध्ये स्वीडनच्या ग्रां प्रीमध्ये निकी लाउडाने ब्रॅबमची पंखेवाली गाडी चालवून रेस जिंकली, त्यानंतर ती गाडी फॉर्म्युला वनमध्ये पुन्हा उतरलीच नाही. जुनी कल्पना, तिला इलेक्ट्रिक मोटरची आणि सॉफ्टवेअरची जोड मुलांनी दिली.

प्रश्न : मग ही टीम कॉलेजांच्या रेसमध्ये दरवर्षी सगळ्यांना सहज हरवत असेल ना? – एक वाचक, ठाणे

नाही, आणि हे नीट सांगायला हवं कारण खूप जणांचा हाच समज झालाय. विक्रम केला त्या रूपात ती गाडी स्पर्धेत उतरवताच येत नाही. कॉलेजांची जी स्पर्धा आहे, फॉर्म्युला स्टुडंट, तिच्या नियमात बॅटरीतून एका वेळी ८० किलोवॅटपेक्षा जास्त पॉवर घेता येत नाही, विक्रमाच्या गाडीची त्याच्या तिप्पट होती. गाडीखालची हवा पंख्याने ओढायलाही नियमात बंदी आहे. मायथन ही मूळ २०१९ च्या स्पर्धेची गाडी, तीच पुन्हा बाहेर काढून फक्त विक्रमासाठी बदलली.

स्पर्धा वेगळीच चीज आहे आणि खरं सांगायचं तर मला तीच जास्त भारी वाटते. त्यात गाड्या एकमेकींशी भिडत नाहीत, प्रत्येक गाडी घड्याळाशी पळते. एकूण गुण १०००. त्यात तुमचं डिझाइन तुम्ही परीक्षकांसमोर उभं राहून समजावायचं, त्याला १५०. गाडीतल्या प्रत्येक नट-बोल्टचा खर्च मांडायचा त्याला वेगळे, गाडी विकायची झाली तर धंदा कसा करणार याला वेगळे. ज्या शून्य ते शंभरवर आपण सगळे भाळलोय त्या प्रकारातली सरळ पळवायची फेरी ७५ मीटरची असते आणि हॉकेनहाइमच्या जर्मन स्पर्धेत तिला पूर्वी गुण होते ७५, तर एन्ड्युरन्सला ३२५.

एन्ड्युरन्स म्हणजे साधारण २२ किलोमीटर, अरुंद नागमोडी ट्रॅक, दोन्ही बाजूला प्लास्टिकचे शंकूसारखे कोन, एक कोन पाडला की वेळेत दोन सेकंद वाढवतात. अर्ध्यावर गाडी थांबवायची, पूर्ण बंद करायची, ड्रायव्हर बदलायचा, आणि मग गाडी परत सुरू करायची. खरी वाट तिथे लागते. अकरा किलोमीटर झोडपून तापलेली गाडी, बॅटरीचा एखादा सेल मर्यादेवर आलेला, कुठेतरी एक कनेक्टर थरथरून सैल झालेला, आणि आता सगळ्या टीमचे डोळे त्या एका बटणावर. परत सुरू नाही झाली तर वर्षभराची मेहनत त्या फेरीत शून्यावर. दरवर्षी कितीतरी चांगल्या, वेगवान गाड्या या फेरीत संपतच नाहीत.

आणि ट्रॅकवर यायच्या आधी तपासणी असते तीही साधी नाही. गाडी ६० अंशांत तिरकी करून बघतात की उलटत तर नाही. ड्रायव्हर पाच सेकंदांत स्वतःचा पट्टा सोडून बाहेर आला पाहिजे. इलेक्ट्रिक गाडीवर हाय व्होल्टेज चालू ठेवून दोन मिनिटं पाण्याचा फवारा मारतात, कुठे गळती होऊन सिस्टिम ट्रिप झाली की झालं, परत जा आणि सील करून या. चारही चाकं एकदम लॉक होतात का याची ब्रेक टेस्ट असते, त्यात पहिल्या फटक्यात पास झालेल्या टीमच्या मुलांचे चेहरे बघण्यासारखे असतात.

प्रश्न : मी नाशिकला मेकॅनिकलच्या दुसऱ्या वर्षाला आहे. ही टीम कधी, कशी सुरू झाली आणि इतकी पुढे कशी गेली, सविस्तर लिहाल का? – एक विद्यार्थी, नाशिक

हो, तुझ्यासाठी सविस्तर लिहितो.

आधी स्पर्धा. फॉर्म्युला एसएई या नावाने ही स्पर्धा अमेरिकेत १९८१ मध्ये टेक्सास युनिव्हर्सिटीत ऑस्टिनला सुरू झाली. पुढे १९९८ मध्ये ब्रिटनमध्ये फॉर्म्युला स्टुडंट नावाने आली आणि २००६ मध्ये जर्मनीत हॉकेनहाइमच्या ट्रॅकवर. त्याच २००६ मध्ये झुरिचला ईटीएचच्या विद्यार्थ्यांनी एक संस्था काढली, अकाडेमिशर मोटरस्पोर्टफेराइन झुरिच, थोडक्यात एएमझेड.

आता गंमत अशी की हे ज्या देशात घडलं तिथे मोटर रेसिंगची परंपरा मोडून पडलेली होती. १९५५ मध्ये फ्रान्समधल्या ल मां रेसला भयंकर अपघात झाला, ऐंशीहून जास्त माणसं गेली, आणि त्यानंतर स्वित्झर्लंडने सर्किट रेसिंगवर बंदीच आणली. बर्नजवळच्या ब्रेमगार्टनला १९५४ ची ग्रां प्री झाली होती, तिच्यानंतर देशात सर्किटवरची मोठी रेस झाली ती थेट २०१८ ला, झुरिचच्या रस्त्यांवर, फॉर्म्युला ई म्हणजे इलेक्ट्रिक गाड्यांची. झुरिचजवळ हिनविलला झाउबरचा फॉर्म्युला वनचा कारखाना होता, म्हणजे ज्ञान शेजारी होतं, पण घरच्या देशात रेसचं सर्किट नाही. अशा ठिकाणी ही मुलं उभी राहिली.

पहिली गाडी २००७ ची, नाव मालोया. मग आल्बुला, मग सिम्प्लॉन. ही सगळी आल्प्समधल्या घाटांची नावं आहेत, पुढे अनेक वर्षं त्यांनी दर गाडीला एकेका घाटाचं नाव दिलं, फुर्का, नोव्हेना, उम्ब्राइल, युलियर, ग्रिम्सेल, फ्लुएला, गोटहार्ड, आणि मग डोंगरांवर आले, पिलाटुस, आयगर, मायथन. आपल्याकडच्या एखाद्या टीमने वरंधा, ताम्हिणी, आंबोली अशी गाड्यांची नावं ठेवली तर मला मनापासून आनंद होईल.

पहिल्या तीन पेट्रोलच्या होत्या. २०१० मध्ये फुर्का आली ती इलेक्ट्रिक, आणि तिथून त्यांनी मागे वळून पाहिलं नाही. २०१४ ची ग्रिम्सेल ही त्यांची पाचवी इलेक्ट्रिक गाडी, वजन १६८ किलो, २०० हॉर्सपॉवर, चारही चाकांत स्वतः डिझाइन केलेल्या मोटर. त्याच वर्षी नोव्हेंबरात तिने १.७८५ सेकंदांचा विक्रम केला. जर्मनीतल्या स्टुटगार्टच्या ग्रीनटीमने २०१५ मध्ये तो १.७७९ वर आणला, म्हणजे फरक किती तर सेकंदाच्या हजार भागांतल्या फक्त सहा भागांचा! मग २०१६ च्या जूनमध्ये झुरिचवाल्यांनी तीच ग्रिम्सेल परत काढली, टायर जागेवर फिरू न देणाऱ्या ट्रॅक्शन कंट्रोलवर आणखी काम केलं आणि १.५१३ ला आले. हा विक्रम सहा वर्षं टिकला. २०२२ मध्ये स्टुटगार्टने १.४६१ केला आणि त्यानंतर वर्षभरात मायथनने ०.९५६. म्हणजे पंखा लावल्यावर एकदम एक तृतीयांशाहून जास्त वेळ कमी झाला, एवढी मोठी उडी त्याआधी यांच्यापैकी कोणीच घेतली नव्हती.

आता यातली गोष्ट जी तू विचारलीस, पुढे कशी गेली. बघ, २००७ ची गाडी बनवणारी मुलं २०१० ला तिथे नव्हती आणि २०१४ ची २०१९ ला नव्हती. टीममधली माणसं दरवर्षी बदलतात. आपल्याकडे पुरुषोत्तम करंडकाला उतरणाऱ्या कॉलेजच्या नाटकाच्या ग्रुपचं असतं ना, दोन-तीन वर्षांत अख्खी पिढी बदलते पण काही कॉलेजांचं नाव टिकून राहतं कारण सीनियर तालमीला येऊन बसतात, तसंच हे आहे. ईटीएचमध्ये जुने मेंबर नव्या टीमला कोच म्हणून मार्गदर्शन करतात. आणि दुसरी गोष्ट, जी मला सगळ्यात महत्त्वाची वाटते, तिथे मेकॅनिकलच्या बॅचलरच्या शेवटच्या वर्षात फोकस प्रोजेक्ट नावाचा प्रकार असतो, गाडी बनवणं हे त्या प्रोजेक्टमध्ये येतं. म्हणजे त्याचे क्रेडिट मिळतात, डिग्रीचा भाग आहे तो. मुलांना अभ्यास की गाडी असं निवडावं लागत नाही. शिवाय लुझर्नच्या तंत्रविद्यालयातले विद्यार्थीही त्यांच्यासोबत असतात, ग्रिम्सेलच्या वेळी होते आणि मायथनच्या वेळीही.

आपण विक्रमाचा आकडा बघतो. मी म्हणतो त्या आकड्यामागे बॅटरीचा सेल कुठल्या तापमानाला रुसतो, मोटरच्या गिअरला कुठे तडा जातो, कुठला गोंद कार्बन फायबरला नीट धरतो, हे दर वर्षीच्या टीमने पुढच्या टीमला लिहून दिलेलं आहे, आणि पुढच्यांनी ते वाचलंय. तू टीममध्ये गेलास तर तुझा पार्ट कसा बिघडला ते आधी लिहून ठेव, कसा बनवला ते नंतर.

प्रश्न : माझं गॅरेज आहे, वीस-बावीस वर्षं इंजिनं खोलतोय. पेट्रोलचं इंजिन एवढं चांगलं चालत असताना या पोरांनी ते सोडून बॅटरी का घेतली? आवाज नाही, दम नाही. – एक मेकॅनिक, कोल्हापूर

दादा, आवाजाबद्दल तुमच्याशी वाद घालणार नाही, तीस-चाळीस गाड्या ओळीने तापवत असताना जो आवाज येतो तो इलेक्ट्रिकमध्ये नाहीच. पण दमाचं उलटं आहे.

स्पर्धेत पेट्रोलच्या गाडीला तेव्हा ६१० सीसीची मर्यादा होती, आता ७१० आहे. पुष्कळ टीम ६०० सीसीच्या चार सिलिंडरच्या बाइकचं इंजिन घेतात. पण इंजिनात जाणारी सगळी हवा एका २० मिलिमीटरच्या भोकातूनच गेली पाहिजे असा नियम आहे. तुम्हाला लगेच कळेल याचा अर्थ काय. जास्त आरपीएमला त्या भोकातली हवा आवाजाच्या वेगाला पोचते आणि त्यापुढे तुम्ही काहीही करा, कॅम बदला, पोर्टिंग करा, जास्त हवा येतच नाही. म्हणून मूळ बाइकमध्ये शंभरावर हॉर्सपॉवर देणारं इंजिन इथे शंभरच्या खालीच राहतं. मग सगळी हुशारी खालच्या आणि मधल्या आरपीएमला टॉर्क कसा मिळेल यावर, इनटेकचा प्लेनम म्हणजे हवेचा डबा केवढा, रनर म्हणजे त्यातून इंजिनाकडे जाणाऱ्या नळ्या किती लांब, त्यात मुलं महिनोन्‌महिने घालवतात आणि ते कामही सुंदरच असतं.

इलेक्ट्रिक मोटरला शून्य आरपीएमला पूर्ण टॉर्क मिळतो, क्लच नाही, गिअर बदलणं नाही. आणि खरी करामत वेगळीच, चार चाकांना चार मोटर लावल्या की कुठल्या चाकाला किती टॉर्क द्यायचा हे सॉफ्टवेअर ठरवतं. वळणावर बाहेरच्या चाकाला जास्त, आतल्याला कमी, की गाडी आपणहून वळणात शिरते. जे काम तुम्ही डिफरेन्शियलने करता ते इथे कोडमध्ये होतं आणि प्रत्येक वळणाला वेगळं करता येतं. ब्रेक दाबला की त्याच मोटरी उलट काम करून बॅटरीत थोडी वीज परत भरतात, एन्ड्युरन्सला ते फार कामाला येतं.

फुकट मात्र काही नाही. बॅटरी जड असते. मोटर चाकातच बसवली की स्प्रिंगच्या खालचं वजन वाढतं आणि खडबडीत जागी टायर उड्या मारतो, म्हणून ती मोटर जितकी हलकी करता येईल तितकी करावी लागते आणि बाजारात तशी मिळत नाही, म्हणून तर त्यांनी स्वतःची बनवली. शिवाय नियमानुसार ६०० व्होल्टपर्यंत जाता येतं, तिथे चुकीला माफी नाही. २०१० मध्ये जर्मनीत इलेक्ट्रिकचा वेगळा गट सुरू झाला आणि झुरिचवाले त्याच वर्षी तिकडे गेले. पेट्रोलचं तीन वर्षांचं शिकलेलं बाजूला ठेवून नव्याने सुरुवात केली, मला हा त्यांच्या इतिहासातला सगळ्यात धाडसाचा निर्णय वाटतो, विक्रमापेक्षाही.

प्रश्न : ड्रायव्हरशिवाय पळणाऱ्या गाड्याही हीच मुलं बनवतात असं ऐकलं. खरं का? – एक आयटीवाली, हिंजवडी

खरंय. २०१७ मध्ये हॉकेनहाइमला ड्रायव्हरलेस गट पहिल्यांदा झाला आणि पहिल्याच वर्षी एएमझेड जिंकली. त्यासाठी नवीन गाडी नाही बनवली, २०१५ ची फ्लुएला घेतली, तिच्यावर लायडार म्हणजे लेझरने अंतर मोजणारं यंत्र आणि कॅमेरे बसवले, स्टिअरिंग आणि ब्रेक फिरवायला अ‍ॅक्चुएटर लावले.

काम कसं चालतं ते तुम्हाला आवडेल. ट्रॅकच्या डाव्या बाजूला निळे कोन, उजव्या बाजूला पिवळे. गाडीला ट्रॅकचा नकाशा आधी दिलेला नसतो. पहिल्या फेरीत ती जपून, चाचपडत जाते, दिसेल तो कोन नोंदवते, मी कुठे आहे आणि कोन कुठे आहेत हे दोन्ही एकाच वेळी शोधत. फेरी पूर्ण झाली की नकाशाही पूर्ण होतो, आणि मग दुसऱ्या फेरीपासून तिला पुढचं वळण माहीत असतं, कुठली रेषा धरायची ते ती काही अंतर पुढचं गणित करून ठरवते आणि वेग वाढवते. अशा एकूण दहा फेऱ्या. बाहेर एका माणसाच्या हातात रिमोट असतो, दाबला की गाडी थांबते. रिकाम्या सीटची गाडी पहिल्या फेरीत घाबरत गेल्यासारखी जाते आणि दुसऱ्या फेरीत तीच गाडी कोनांना घासून निघते, हे एकदा व्हिडिओत तरी बघाच. त्यांनी या सिस्टिमवर सविस्तर शोधनिबंध लिहून सगळ्यांसाठी खुला केलाय, आज दुसऱ्या देशांतल्या टीम तो वाचून सुरुवात करतात.

प्रश्न : माझी मुलगी इंजिनीअरिंगच्या दुसऱ्या वर्षाला आहे आणि कॉलेजच्या अशाच टीममध्ये आहे. रात्री दोन-दोन वाजता घरी येते, अटेंडन्स कमी पडलाय, मागच्या सेमला मार्कही उतरले. घरी रोज वाद होतात. हे सगळं खरंच उपयोगाचं आहे का? – एक आई, छत्रपती संभाजीनगर

ताई, तुमचा प्रश्न मी सगळ्यात जास्त वेळा वाचला.

उपयोगाचं आहे, यात मला शंका नाही. भोसरीच्या एका वर्कशॉपमध्ये मी अशीच एक टीम पाहिलीय. चाकाचं अपराइट, म्हणजे चाक ज्यावर बसतं तो भाग, बनवायला ड्रॉइंग घेऊन आली होती, दोन मुली आणि एक मुलगा. व्हीएमसी म्हणजे कॉम्प्युटरवर चालणाऱ्या मिलिंग मशीनवरच्या ऑपरेटर मामांनी ड्रॉइंग बघितलं, आतल्या कोपऱ्यावर बोट ठेवलं आणि म्हणाले, हा कोपरा काटकोनात हवाय तुम्हाला, पण कटर गोल असतो, तो इथे कसा जाणार? तिघं एकदम गप्प. मग तिथेच स्टुलावर लॅपटॉप उघडून त्यांनी कोपऱ्याला रेडियस दिला, आणि त्यामुळे शेजारचं बोल्टचं भोक सरकवावं लागलं, आणि त्यामुळे विशबोनचा, म्हणजे चाक गाडीला धरून ठेवणाऱ्या दांड्याचा, ब्रॅकेट. संध्याकाळपर्यंत चाललं ते. वर्गात हे पुस्तकातल्या एका ओळीत असतं. त्या पोरींना ते आता जन्मभर विसरायला होणार नाही.

पण तुमची काळजीही खरी आहे आणि तिला मी उत्साहाने झाकणार नाही. वर सांगितलं तसं झुरिचमध्ये गाडीचे क्रेडिट मिळतात. आपल्याकडे बहुतेक ठिकाणी मुलं हे सगळं अभ्यास सांभाळून, वरून करतात, म्हणून झोप जाते आणि अटेंडन्सही जातो. हा दोष तुमच्या मुलीचा नाही, आणि कॉलेजांनी हे काम प्रोजेक्ट म्हणून, क्रेडिटसकट धरलं पाहिजे असं माझं ठाम मत आहे. पालकांनीही एकत्र येऊन हे कॉलेजकडे मागावं.

तोवर घरी वाद घालण्यापेक्षा तिला काही गोष्टी विचारा. तुझ्याकडे नेमका कुठला पार्ट आहे? सस्पेन्शन, बॅटरी, ब्रेक, जे असेल ते. तिने पाच मिनिटं भडाभडा सांगितलं तर ती शिकतेय. नुसती सामान आणायला, स्टिकर लावायला पळत असेल तर तिने टीममध्ये स्पष्ट बोलून काम मागून घ्यावं. गाडी इलेक्ट्रिक असेल तर हाय व्होल्टेजची जबाबदारी कोणावर आहे ते विचारा, नियमात त्यासाठी टीममध्ये एक प्रशिक्षित माणूस ठेवावाच लागतो, तो हजर नसताना बॅटरीचा डबा कोणी उघडत असेल तर ते चूक आहे आणि तिथे तुम्ही जरूर आडवं यावं. रात्री दोनला झोपाळलेल्या हातांनी बॅटरीवर काम नको, हेही तिला सांगा. आणि परीक्षेच्या आधीचे तीन आठवडे गाडी बंद, हे टीमच्या कॅप्टनशीच बोलून ठरवायला लावा. चांगल्या टीम असं वेळापत्रक आधीच करतात.

एक दिवस तिच्यासोबत वर्कशॉपला जाऊन या ताई. डबा घेऊन गेलात तर अख्खी टीम तुमच्या बाजूची होईल.

प्रश्न : आपल्याकडे असं काही होतं का, की सगळं परदेशातच? – एक वाचक, रत्नागिरी

होतं, आणि चांगलं होतं. आयआयटी बॉम्बेच्या रेसिंग टीमने पवईत इलेक्ट्रिक गाड्या बनवून थेट इंग्लंडमध्ये सिल्व्हरस्टोनच्या ट्रॅकवर नेल्यात. देशात कोईम्बतूरच्या कारी मोटर स्पीडवेवर फॉर्म्युला भारत होते, वाहन इंजिनीअरांची संस्था एसएई इंडियाची सुप्रा ही स्पर्धा आहे, आणि मातीतल्या गाड्यांची बाहा २००७ पासून चालू आहे, तिची सुरुवात इंदूरजवळ पीथमपूरला झाली. पुण्या-मुंबईतल्या, नाशिक-कोल्हापूरकडच्या कॉलेजांची मुलं या स्पर्धांना असतातच.

अडचणी वेगळ्या आहेत. रेसिंगचे टायर बहुतेकांना बाहेरून मागवावे लागतात, कस्टममध्ये अडकले की टेस्टिंगचे दिवस जातात. सराव करायला मोकळी जागा मिळत नाही, कॉलेजच्या पार्किंगमध्ये रविवारी पहाटे कोन लावून गाडी फिरवतात. पण आपल्याकडे एक जमेची बाजू आहे जी झुरिचमध्ये इतकी स्वस्त मिळणार नाही, ती म्हणजे भोसरी, चाकण, सातपूर, शिरोली. एमआयडीसीतले छोटे कारखानदार या मुलांना रात्री मशीन मोकळं झालं की जॉब करून देतात, पुष्कळदा पैसेही घेत नाहीत. या लोकांची नावं गाडीवर स्पॉन्सरच्या स्टिकरमध्ये दिसत नाहीत, ती दिसायला हवीत.

प्रश्न : मी डिप्लोमाला आहे, कऱ्हाडला. आमच्या इथे टीम नाही. डिग्रीला गेल्यावर टीममध्ये घ्यावं म्हणून आत्तापासून काय शिकू? – एक विद्यार्थी

वायरिंग शिक. सगळ्यांना डिझाइनमध्ये जायचं असतं, सस्पेन्शन आणि पंख काढायचे असतात, आणि गाडी ट्रॅकवर बंद पडते ती पुष्कळदा एका ढिल्या क्रिंपमुळे, म्हणजे वायरच्या टोकाला दाबून बसवलेल्या जोडामुळे. चांगलं क्रिंपिंग, कनेक्टर बसवणं, वायरला लेबल लावणं, मल्टिमीटरने फॉल्ट शोधणं हे हातात असेल तर कुठलीही टीम तुला आनंदाने घेईल. जवळच्या एखाद्या ऑटो इलेक्ट्रिशियनकडे सुट्टीत जाऊन बस. टॉर्क रेंच नीट वापरायला शीक, बोल्ट घट्ट केल्यावर त्यावर मार्करने रेघ मारायची सवय लाव, म्हणजे फिरला तर दिसतो.

सोबत एक कॅड, म्हणजे कॉम्प्युटरवर ड्रॉइंग काढायचं सॉफ्टवेअर, आणि प्रोग्रामिंगसाठी थोडं पायथॉन. नियमांचं पुस्तक स्पर्धेच्या साइटवर फुकट मिळतं, शंभरच्या वर पानं आहेत, इंग्रजी सोपं आहे. रोज दोन पानं वाच आणि प्रत्येक नियम का केला असेल ते वहीत लिही. आणि फॉर्म्युला भारतला एकदा प्रेक्षक म्हणून जाऊन ये, पिटमध्ये टीमची मुलं विचारलेलं सगळं सांगतात. एन्ड्युरन्सच्या दिवशी जा, सकाळी लवकर पोच, ड्रायव्हर बदलतात त्या जागेजवळ उभा राहा.